तुळईला बसलेला पीळ आणि आगीची तपासणी : पंचवटीतल्या वाड्याचा सज्जा

गोदाकाठचा
सोमवार, रात्री ९.४०

पंचवटीत आमच्या आत्याचा वाडा आहे. दगडी जोतं, सागाचे खांब आणि तुळया, वर कडीपाट (तुळयांवर आडव्या कड्या, म्हणजे बारीक तुळया, आणि त्यांवर पाट), रस्त्याच्या अंगाला पहिल्या मजल्यावर लांब सज्जा. कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ या सज्ज्यासमोरून जातात, तेव्हा सगळं गणगोत तिथं उभं असतं. २०२७ च्या सिंहस्थात वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना द्याव्यात असं आत्याच्या मनात आहे. म्हणजे सज्ज्यात अनोळखी माणसंही उभी राहणार. त्यांची जबाबदारी आपल्यावर, म्हणून हा धागा.

चार वर्षांपूर्वी सज्ज्याच्या कड्यांची बाहेरची टोकं पावसानं कुजली होती. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं सगळ्या कड्या तुळईच्या बाहेरच्या अंगाशी सपाट कापल्या आणि नवा सज्जा तुळईच्या उभ्या बाजूवर लोखंडी अँगल व बोल्ट लावून अडकवला. दिसायला काम नीटनेटकं आहे. पण परवा सहज ओळंबा धरला, तर तुळईचं वरचं अंग ३०० मिमी उंचीत ९ मिमी बाहेर कललेलं दिसलं.

मापं : तुळई १५० मिमी रुंद, ३०० मिमी उंच. खांबांच्या मध्यांतलं अंतर २.४ मीटर. सज्जा तुळईच्या बाहेर ०.७५ मीटर. नव्या कड्या ७५ × १५०, दर ४५० मिमीवर. खाली भाड्यानं दिलेलं चहा-भजीचं दुकान, दिवसभर गॅसची मोठी शेगडी पेटलेली. म्हणून आगीचाही प्रश्न आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पण आठ वर्षं काँक्रीटच केलं. लाकडात पीळ, म्हणजे टॉर्शन, कसा तपासायचा? आणि आगीत तुळई जळून बारीक झाली की त्याचं काय होतं?

मोजपट्टी
सोमवार, रात्री १०.२५

हिशोब नंतर. उद्या सकाळी पहिल्यांदा सज्जा बंद करा. दाराला कुलूप लावा, खालून प्रत्येक खणात दोन टेकू द्या, टेकूच्या खाली-वर फळ्या टाका. दुकानदाराला गैरसोय होईल, त्यांना समजावून सांगा. कललेली तुळई डोळ्यांनी दिसत असताना त्याखाली माणसं बसवायची नाहीत.

आता पिळाचं. लाकडी बांधकामात पीळ मुद्दाम कुणी घेत नाही. जुन्या सुतारानं कड्या खोलीतून सलग बाहेर काढल्या होत्या. सज्ज्यात माणूस उभा राहिला की कडीचं बाहेरचं टोक खाली जाऊ बघतं, आतलं टोक उचलू बघतं, आणि आतल्या जमिनीचं वजन त्याला दाबून धरतं. तुळईवर येतो तो फक्त सरळ खाली जाणारा भार. कड्या कापल्या त्या दिवशी हा तोल संपला. सज्ज्याचा सगळा वाक (बेंडिंग मोमेंट) आता तुळईच्या एका अंगाला जडलाय आणि तुळई तो पिळाच्या रूपानं खांबांपर्यंत नेते.

काँक्रीटमध्ये तुम्ही पिळाचे दोन प्रकार शिकला असाल. एका प्रकारात तो सोडून दिला तरी भार दुसऱ्या वाटेनं जातो. दुसऱ्यात तो धरला नाही तर बांधकाम पडतं. तुमचा दुसरा.

सूत्र सोपं आहे. आयताकृती छेदात पिळाचा सर्वांत मोठा कर्तन-ताण (शिअर, म्हणजे लाकडाचे थर एकमेकांवरून सरकवू बघणारा ताण) लांब बाजूच्या मध्यावर येतो आणि कोपऱ्यांत शून्य असतो. फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँनं १८५५ मध्ये हे मांडलं.

ताण = पीळ ÷ (अल्फा × उंची × रुंदी × रुंदी)

रुंदी म्हणजे नेहमी लहान बाजू. अल्फा हा छेदाच्या आकारावर ठरणारा आकडा : चौरसाला ०.२०८, उंची रुंदीच्या दुप्पट असेल तर ०.२४६, तिप्पट असेल तर ०.२६७, चौपट असेल तर ०.२८२. पातळ पट्टी होत गेली की तो एक-तृतीयांशाकडे जातो. तुम्ही आकडे घाला, मी बघते.

वेलमांडव
सोमवार, रात्री ११.०५

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा तुळईच्या खाली लोखंडी आय-सेक्शन सारून द्या ना. ओझरला आमच्या शेडला तसंच केलं, दोन दिवसांत काम झालं.

मोजपट्टी
सोमवार, रात्री ११.२०

शेडला चालेल, इथे नाही. उघड्या छेदाचा आय-सेक्शन पिळाला फार कमकुवत असतो. त्याच्या पातळ पट्ट्यांना वरच्या सूत्रातला ‘रुंदीचा वर्ग’ लावून पाहा. शिवाय खाली शेगडी आहे. उघडं स्टील साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवतं, आणि लागलेल्या आगीत तेवढं तापमान यायला वेळ लागत नाही. जाड सागाची तुळई त्या वेळी बाहेरून जळत असली तरी आतून थंड असते.

गोदाकाठचा
मंगळवार, सकाळी ७.५०

कुलूप लावलं. टेकू दुपारपर्यंत लागतील. आत्या काही बोलली नाही, सज्ज्यातली तुळस तेवढी आत घेतली.

हिशोब : सज्ज्याचं स्वतःचं वजन १.० किलोन्यूटन प्रति चौ.मी., माणसांचा भार ३.० धरला (भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, भाग २, राहत्या घराची बाल्कनी). एकूण ४.०. एका मीटर लांबीवर तुळईच्या तोंडाशी वाक = ४.० × ०.७५ × ०.७५ ÷ २ = १.१२५ किलोन्यूटन-मीटर. हाच पीळ. अर्धी लांबी १.२ मीटर, म्हणून खांबाशी पीळ १.३५ किलोन्यूटन-मीटर. बरोबर?

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ८.३०

थोडं राहिलं. पीळ तुळईच्या अक्षाभोवती मोजायचा, तोंडाभोवती नाही. सज्ज्याचा भार मीटरला ३.० किलोन्यूटन, तो अक्षापासून आणखी अर्ध्या रुंदीवर, म्हणजे ७५ मिमीवर आहे. त्याचे ०.२२५ मिळवा. मीटरला १.३५, आणि खांबाशी १.३५ × १.२ = १.६२ किलोन्यूटन-मीटर. ही अर्धी रुंदी विसरण्याची चूक चांगल्या-चांगल्या ऑफिसांच्या ड्रॉइंगांत मी पाहिली आहे.

आता ताण. अल्फा ०.२४६, उंची ३००, रुंदीचा वर्ग २२,५००. गुणाकार सुमारे १६.६ लाख घन मिमी. १६.२ लाख न्यूटन-मिमी भागिले तेवढे म्हणजे ०.९८ न्यूटन प्रति चौ. मिमी.

आतल्या खोलीच्या जमिनीचाही भार याच तुळईवर आहे ना? तो धरून साधं कर्तन काढा.

गोदाकाठचा
मंगळवार, सकाळी ९.१५

आत कडीपाटावर मातीचा थर आणि वर शहाबादी. ते २.५ धरलं, राहण्याचा भार २.०. तुळईकडे येणारी रुंदी १.५ मीटर. सगळं मिळून मीटरला ९.७५ किलोन्यूटन, खांबाशी कर्तनबल ११.७. ताण दीडपटीच्या सूत्रानं (१.५ × बल ÷ छेदाचं क्षेत्रफळ) ०.३९ न्यूटन प्रति चौ. मिमी.

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ९.४०

आता नीट बघा. साध्या कर्तनाचा मोठा ताण छेदाच्या मध्य-उंचीवर असतो. पिळाचाही लांब बाजूच्या मध्यावर, म्हणजे त्याच जागी. तुळईच्या एका अंगावर दोन्हींची बेरीज होते, दुसऱ्या अंगावर वजाबाकी. तुमच्याकडे ०.९८ अधिक ०.३९, म्हणजे १.३७.

लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८८३ साग बी गटात धरतं. बी गटाच्या पहिल्या प्रतीच्या लाकडाला आडव्या कर्तनाची किमान मर्यादा ०.६४ आहे. सागाचं स्वतःचं मूल्य कोष्टकात वेगळं आहे, ते तुम्ही पाहाच. पण जुन्या, प्रत न ठरवलेल्या लाकडाला मी गटाची किमान मर्यादाच लावते. त्या हिशोबानं तुळई दुपटीहून जास्त ताणात आहे.

पटाशी
मंगळवार, दुपारी १.३०

आमच्या तीन पिढ्या वाड्यांच्या कामात गेल्या. तिवंध्यापासून सराफ बाजारापर्यंत बरेच वाडे हाताखालून गेलेत. आकडे ताईंनी सांगितले, मी लाकडाचं सांगतो.

ओलं दांडकं हातात धरून पिळा. ते आडवं मोडत नाही. रेघेत उभं चिरतं. लाकडाची दोऱ्यांना दोरा चिकटून राहण्याची ताकद कमी, आणि पीळ नेमका तिथंच घाव घालतो. म्हणून तुळईवर आधी भेगा बघायच्या. वाळताना पडलेली बारीक भेग असते, ती आत बोटभर गेली तर चालते. पण वरच्या अंगातून खाली उतरत गेलेली भेग असली तर ती तुळई एक नाही, दोन आहेत.

पातळ पोलादी पट्टी घ्या, भेगेत घाला, किती आत जाते ते मोजा. खांबापासून हातभर अंतरात जास्त लक्ष द्या. पीळ तिथं जास्त असतो.

दुसरी गोष्ट. काही झाडं वाढतानाच पिळदार वाढतात. अशा लाकडाची तुळई उन्हा-पावसात वर्षानुवर्षं स्वतःहून फिरत जाते. तुझी तुळई भारानं कललीय की लाकडाच्या गुणानं, हे आधी ठरव बाळा. भेगा तुळईच्या लांबीला सरळ आहेत की तिरप्या चढत गेल्यात, ते बघ म्हणजे कळेल.

मोजपट्टी
मंगळवार, दुपारी २.००

काकांच्या ‘एक नाही, दोन’ला आकडा देते. १५० × ३०० ची तुळई मधोमध उभी चिरली तर ७५ × ३०० चे दोन तुकडे. प्रत्येकाचा अल्फा ०.२८२, दोघांचं मिळून साडेनऊ लाख घन मिमी. अखंड तुळईचं होतं १६.६ लाख. पिळाची ताकद ५७ टक्क्यांवर आली. तीच चीर वाकण्याच्या ताकदीला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून वाकण्याची तपासणी पास झाली की लोक निश्चिंत होतात, आणि पीळ तसाच राहून जातो.

आणि कलण्याचं कारण ओळखायला एक मोजणी करा. ओळंबा तीन ठिकाणी धरा : दोन्ही खांबांशी आणि मधोमध.

सिडकोकर
मंगळवार, सायंकाळी ६.१५

मी मूळचा नाशिकच्या सिडकोतला, आता म्युनिकला लाकडी इमारतींचं डिझाइन करतो. धागा वाचून राहवलं नाही.

युरोकोड ५ मध्ये, म्हणजे लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकात, पिळाचं स्वतंत्र कलम आहे. ताण ≤ आकार-गुणक × कर्तनाची डिझाइन-ताकद. गोल छेदाला आकार-गुणक १.२. आयताला २००४ च्या पाठात १ + ०.१५ × (उंची ÷ रुंदी), कमाल २.० असं होतं. २०१४ च्या दुरुस्तीत ते १ + ०.०५ × (उंची ÷ रुंदी), कमाल १.३ असं खाली आणलं. जुनी स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी हे तपासाच. तुमच्या तुळईला जुन्यानं १.३ मिळतो, नव्यानं १.१.

साधं कर्तन आणि पीळ एकत्र कसे घ्यायचे हे मुख्य पाठ सांगत नाही. जर्मन राष्ट्रीय परिशिष्ट सांगतं : पिळाचं प्रमाण (ताण ÷ ताकद) जसंच्या तसं, त्यात कर्तनाच्या प्रमाणाचा वर्ग मिळवायचा, बेरीज एकच्या आत हवी.

तुमचे आकडे घातले. वाढीव भारानं पिळाचा ताण १.४३, भेगांची घट धरून कर्तनाचा ०.८३. लाकडाची कर्तन-ताकद ४.० धरली, तिला ०.८ नं गुणून १.३ नं भागलं की २.४६. पिळासाठी १.१ पट म्हणजे २.७१. बेरीज ०.५३ + ०.११, म्हणजे ६४ टक्के वापर. पास.

मोजपट्टी
मंगळवार, रात्री ८.१०

सिडकोकर, मांडणी स्वच्छ आहे, पण हा ‘पास’ मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

तुमचे ४.० हे यंत्रानं किंवा डोळ्यानं प्रत ठरवून शिक्का मारलेल्या सी-२४ सारख्या युरोपीय लाकडाचं मूल्य आहे. कारखान्यात सुकवलेलं, ओलावा माहीत असलेलं. पंचवटीतली तुळई कुणी प्रत लावून निवडलेली नाही. टोकांना पावसाचं पाणी लागलेलं आहे, म्हणून तर कड्या कुजल्या. साग जातीनं त्या सुचीपर्णी लाकडापेक्षा सरस असेलही, पण आपण जात तपासत नाही, ही एक तुळई तपासतोय.

दुसरं, आयएसची पद्धत रोजच्या भाराला परवानगीचा ताण लावते, तुमची वाढीव भाराला घटवलेली ताकद लावते. दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून ‘इथे नापास, तिथे पास’ म्हणायचं नसतं. पण दोन पद्धतींत एवढं अंतर पडलं तर त्याचा अर्थ मी असा घेते : लाकूड आज तुटणार नाही, आणि तरीही हाती किती राखीव आहे ते मला माहीत नाही. अशा ठिकाणी मी पीळ काढून टाकण्याचा मार्ग शोधते. तो पेलण्याचा नाही.

सिडकोकर
मंगळवार, रात्री ८.४५

ताई, मान्य. प्रत न लावलेल्या लाकडाला ४.० लावणं घाईचं झालं. इथं सवयीनं तोच आकडा हातात येतो.

गोदाकाठचा
बुधवार, सकाळी ८.००

तीन ठिकाणी ओळंबा धरला. डाव्या खांबाशी ८ मिमी, उजव्याशी ९, मधोमध १०. भेगा सरळ आहेत, तिरप्या नाहीत. सर्वांत खोल भेग बाहेरच्या अंगावर, पट्टी २२ मिमी आत गेली. वरच्या अंगावर भेग नाही.

मला वाटलं होतं मध्यावर फार जास्त असेल.

मोजपट्टी
बुधवार, सकाळी ९.०५

ही मोजणी सगळ्या हिशोबांपेक्षा जास्त बोलते.

तुळई स्वतः पिळली जात असती तर खांबांशी जवळजवळ शून्य आणि मध्यावर जास्त आलं असतं. सागाचा कर्तन-गुणांक (पिळायला लाकूड किती ताठ ते) ६५० न्यूटन प्रति चौ. मिमीच्या आसपास धरून मध्याचा खांबांच्या तुलनेतला पीळ काढला. पूर्ण भाराला तो ३०० मिमी उंचीत सुमारे २ मिमी येतो. तुमच्या मोजणीत मध्य आणि खांब यांत फरक एक-दोन मिमीचाच आहे. म्हणजे तुळईचा देह हिशोबात येतो तेवढाच, थोडासा पिळला आहे. उरलेले आठ-नऊ मिमी खांबांवरच झालेत. खरा त्रास तुळई पिळण्याचा नाही, ती खांबांवरून बाहेर लोळतेय.

पटाशी काका, खांबावर तुळई कशी बसते ते इथे सांगाल का?

पटाशी
बुधवार, दुपारी १२.४५

खांबाच्या डोक्याला कुसू काढलेला असतो, तुळईला खालून भोक. कुसू भोकात बसतो. पण कुसू कशासाठी? तुळई जागेवरून सरकू नये म्हणून. उलटू नये म्हणून नाही. उलटणारी तुळई धरायचा तो नाही. दोन-तीन बोटं रुंद, तेवढ्याच उंचीचा लाकडाचा दात तो. तुळई आपल्या वजनानं आणि वरच्या भारानं बसून राहते, आणि कड्या तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. बाहेरच्या बाजूच्या कड्या कापल्या म्हणजे तो आवळाच गेला.

गोदाकाठचा
बुधवार, रात्री ९.३०

काकांचं वाचून एक साधा हिशोब केला. खांबाशी तुळईची प्रतिक्रिया (खांब तिला खालून उचलून धरतो ते बल) ११.७ किलोन्यूटन, पीळ १.६२ किलोन्यूटन-मीटर. तो नुसत्या बसण्यानं धरायचा तर प्रतिक्रिया अक्षापासून १.६२ ÷ ११.७ = १३८ मिमी बाहेर सरकली पाहिजे. तुळईच्या अर्ध्या रुंदीत फक्त ७५ मिमी आहेत. म्हणजे प्रतिक्रिया लाकडाच्या बाहेर जाते! आणि खोल्या रिकाम्या, सगळे सज्ज्यात, अशी स्थिती घेतली तर प्रतिक्रिया ८.१ वर येते आणि अंतर २०० मिमी होतं. रथाच्या दिवशी हीच स्थिती असते.

मी दोन दिवस ताण तपासत बसलो आणि हे पाहिलंच नाही. गेल्या चार रथोत्सवांत सज्ज्यात आत्याची नातवंडं उभी होती.

मोजपट्टी
बुधवार, रात्री ९.५५

पाहिलंत ना आता. काँक्रीटमध्ये स्तंभ आणि तुळई एकसंध ओतलेली असते, म्हणून ही सवय तुम्हाला लागली नाही. लाकडात पिळाची तपासणी तीन जागी करायची : तुळईच्या देहात, सज्ज्याच्या जोडात आणि तुळई जिथे बसते तिथे. जिथे बसते ती जागा पहिल्यांदा. कोडांत पिळाचं कलम देहाबद्दल आहे, आणि ते तुळईची टोकं फिरण्यापासून धरलेली आहेत असं गृहीत धरतं.

इतके दिवस ती का पडली नाही? खोलीच्या बाजूच्या कड्या वरून खिळ्यांनी ठोकलेल्या असतील, पाटांनीही थोडं धरलं असेल. त्या खिळ्यांवर भिस्त ठेवता येणार नाही.

सिडकोकर
गुरुवार, दुपारी ४.००

आता आगीचं. इथे मीही आकडे देतो, पण निष्कर्ष कदाचित अपेक्षेपेक्षा वेगळा निघेल.

जड, घट्ट लाकडाला (घनमीटरला ४५० किलोहून जास्त, साग त्यात येतो) कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.५५ मिमी धरतात. यात कोपरे गोल होतात तेही आलं. त्याशिवाय कोळशामागचा तापलेला ७ मिमी थर निकामी धरायचा. तुळई तीन बाजूंनी आगीत, वर कडीपाट.

३० मिनिटांत : १६.५ + ७ = २३.५ मिमी प्रत्येक बाजूनं. उरते १०३ × २७६. वाकण्याची ताकद ५८ टक्के उरली, पिळाची ४६.
६० मिनिटांत : ४० मिमी. उरते ७० × २६०. वाकण्याची ३५ टक्के, पिळाची २१.

कारण उघड आहे. वाकण्यात उंचीचा वर्ग येतो आणि उंची फक्त खालून जळते. पिळात रुंदीचा वर्ग येतो आणि रुंदी दोन्ही अंगांनी जळते. बारीक लाकडात हे फार वाईट दिसतं. तुमची ७५ × १५० ची नवी कडी ३० मिनिटांत २८ × १२६ उरते, तिची पिळाची ताकद १४ टक्क्यांवर येते.

आता दुसरी बाजू. आगीच्या वेळी पूर्ण भार धरत नाहीत. स्वतःचं वजन आणि माणसांचा अर्धा भार धरला तर पीळ १.०१ किलोन्यूटन-मीटर. तासाभरानंतरचा ताण २.८६. आगीच्या तपासणीत सुरक्षा-गुणक १.० असतो आणि ताकद १.२५ पट घेतात. ताईंची शंका मान्य करून मूळ ताकद ४.० ऐवजी निम्मी, २.० धरली, तरी आकार-गुणकासह जवळपास ३.० मिळते. नुसता पीळ बघितला, साधं कर्तन त्यात मिळवलं नाही, तर तासाला तुळईचा देह काठावर का होईना, टिकतो.

पण बोल्ट आणि अँगल टिकत नाहीत. उघड्या बोल्टच्या लाकडी जोडाला युरोकोड फक्त १५ मिनिटं देतो, तीही बाजूचं लाकूड किमान ४५ मिमी जाड असेल तर. तुमचा अँगल तर थेट दुकानाच्या अंगाला उघडा आहे. तो तापणार, बोल्ट उष्णता लाकडाच्या गाभ्यात नेणार, भोकाभोवतीचं लाकूड आतूनच कोळसा होणार. तुळई अर्धी शिल्लक असताना सज्जा सुटून पडेल, आणि गल्लीत त्या वेळी माणसं बाहेर पळत असतील.

रविवार_कारंजा
गुरुवार, सायंकाळी ७.२०

आमच्या वाड्यातही गेल्या वर्षी असाच सज्जा ‘बाहेरून अडकवून’ दिलाय. आजच जाऊन बघते. एक विचारायचं होतं, वर कडीपाट आहे म्हणून वरची बाजू सुरक्षित धरली, पण आमच्या पाटांमधून खालचा उजेड दिसतो. तरी तसंच धरायचं का?

सिडकोकर
गुरुवार, सायंकाळी ७.५०

नाही. फटी असतील तर ज्वाळा वर जातात आणि तुळई चारही बाजूंनी जळते. आधी फटी बुजवा, किंवा चार बाजूंनी धरून हिशोब करा. तुळईला खाचा घेतलेल्या असतील तर त्या जागीही उरलेला छेद वेगळा तपासा.

पटाशी
शुक्रवार, सकाळी १०.१०

आता काम काय करायचं ते बोलू. बाळा, आतल्या कड्या कशा आहेत? त्या धड असतील तर मार्ग सोपा. प्रत्येक जुन्या कडीला लागून नवी सागाची कडी घालायची, आत खोलीत निदान दीड मीटर, बाहेर सज्ज्यापर्यंत सलग. तुळईच्या वरून जाऊ दे. दोन्ही कड्या आरपार बोल्टनं आवळायच्या. सज्जा पुन्हा कड्यांवर बसेल, तुळईला परत फक्त वरून भार.

आणि नव्या कडीचं बाहेरचं टोक उताराचं काप, वर तांब्याची किंवा जस्ताची टोपी घाल. मागच्या वेळी पाणी टोकातूनच शिरलं होतं.

मोजपट्टी
शुक्रवार, सकाळी ११.००

काकांचाच मार्ग योग्य. आकडा देते : ४५० मिमी अंतरावरच्या एका कडीत वाक अर्धा किलोन्यूटन-मीटरच्या जरा वर. आत दीड मीटर गेली तर आतलं टोक ०.३४ किलोन्यूटननं, म्हणजे ३४-३५ किलोनं उचलू बघेल. वरची माती-शहाबादी ते दाबून धरेल, पण कधी कुणी जमीन हलकी करायला माती काढली तर? म्हणून आतलं टोक जुन्या कडीला आणि शक्य असेल तिथे आतल्या तुळईला बांधा. तुळईच्या वरून जाते तिथे नव्या कडीला खाच करू नका. कडी वरच्या अंगाला ताणात असते, तिथली खाच तिला चिरते.

तुळई खांबावर परत सरळ करताना घाई नको. जॅकनं दिवसाला एक-दोन मिमी. सरळ झाल्यावर तुळई आणि खांब दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांनी धरा, बोल्टचं डोकं लाकडात बुडवा आणि वर सागाचा डट्टा मारा. डट्ट्याची जाडी कोळशाच्या थरापेक्षा जास्त. ३० मिनिटांसाठी २५ मिमी ठेवा.

दुकानाच्या छताला जिप्समच्या अग्निरोधक पाट्या, आणि सिलिंडर बाहेर. हे भाडेकरूशी बोलून, लेखी करा.

गोदाकाठचा
रविवार, सायंकाळी ५.३०

काल पटाशी काका स्वतः येऊन गेले. दोन शहाबाद्या उचलल्या, माती बाजूला केली. आतल्या कड्या टणक आहेत, पटाशीचं टोक जेमतेम शिरतं. फक्त उजव्या कोपऱ्यातल्या दोन कड्यांना तुळईपासून वीतभर वाळवी लागली आहे, त्या पूर्ण बदलायच्या. खांबावरचा एक कुसू मुळाशी चिरलेला निघाला. चीर ताजी आहे, आतलं लाकूड अजून पिवळसर. डाव्या बाजूचा शाबूत.

नव्या कड्यांसाठी एकूण १४ नग, प्रत्येकी अडीच मीटर. काका म्हणाले ७५ × १५० ऐवजी १०० × १५० घे. सिडकोकरांच्या पद्धतीनं बघितलं, तर ३० मिनिटांनी २८ ऐवजी ५३ मिमी रुंदी उरते. तेच घेतोय. आत्यानं तुळस सध्या माजघराच्या खिडकीत ठेवली आहे. या वर्षी रथ खालून ओट्यावरून बघायचा ठरलं.

पटाशी
रविवार, रात्री ८.००

लाकूड घेताना वखारीत ओलाव्याचं यंत्र लावून घे. बारा टक्क्यांच्या खाली असेल तर उचल. रसकाठ (सालीलगतचं फिकं, कच्चं लाकूड) एका बाजूला जरी दिसला तरी ते नग परत कर. बुधवारी सकाळी मी जॅक घेऊन येतो, टेकू तोवर हलवू नकोस.